तोच संच पुन्हा, की वेगळा?

अनेक शाळांच्या कपाटात जोडणीच्या खेळण्यांचा एखादा संच असतो. त्यात छिद्रे पाडलेल्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि चाके असतात, नाहीतर एकमेकांत घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे. पुढे केव्हातरी आणखी एका संचापुरते पैसे जमतात आणि प्रश्न उभा राहतो. आहे तोच संच पुन्हा घ्यावा, की वेगळा? बहुतेक जण वेगळा घेतात. 'तेच ते पुन्हा कशाला?' हे म्हणणे सहज पटते. पण ते कितपत खरे आहे, हे आपण थोडा हिशेब करून पाहू.

सारख्या ठोकळ्यांतली विविधता

डेन्मार्कमधील लेगो कंपनीने १९५८ साली ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो ठोकळा आता जगभर परिचित आहे. त्याचा नेहमीचा नमुना म्हणजे दोन ओळींत चार-चार अशी ८ बुटणे असलेला ठोकळा. एकाच रंगाचे असे दोन ठोकळे एकावर एक किती प्रकारे बसवता येतील?

प्रथम दोन्ही ठोकळे समांतर ठेवू. वरचा ठोकळा लांबीच्या दिशेने ७ आणि रुंदीच्या दिशेने ३ ठिकाणी बसू शकतो, म्हणजे एकूण २१ जागा झाल्या. मात्र तयार झालेली जोडणी अर्धा फेरा फिरवली की एका बाजूला सरकवलेला ठोकळा दुसऱ्या बाजूला सरकवल्यासारखा दिसतो. अशा २० जागांच्या १० जोड्या होतात आणि नेमकी एकावर एक बसणारी १ जागा उरते. म्हणून वेगळे प्रकार ११. ठोकळे काटकोनात ठेवले तर ५ गुणिले ५, म्हणजे २५ जागा मिळतात आणि त्याच रीतीने १३ प्रकार उरतात. एकूण २४.

तिसरा ठोकळा घेतला की ही संख्या १,०६० वर जाते. सहा ठोकळ्यांसाठी कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने मोजणी केली. उत्तर आले ९१,५१,०३,७६५! सहाही ठोकळे अगदी एकसारखे आहेत हे लक्षात घ्या. इथली सगळी विविधता मांडणीतून आली आहे.

'बाबा' जुळवायचे कसे?

मग वेगळे भाग हवेतच कशाला? यासाठी जुन्या छापखान्याचे उदाहरण घेऊ. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा प्रत्येक अक्षराचे खिळे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असत. कान्याचे खिळे भरपूर लागत, 'ञ' किंवा 'ङ' यांचे थोडेसेच पुरत. समजा, एखाद्याने हौसेने प्रत्येक अक्षराचा आणि प्रत्येक चिन्हाचा एकेकच खिळा जमवला. त्याच्याकडे संपूर्ण वर्णमाला असेल, पण साधा 'बाबा' हा शब्दही जुळणार नाही, कारण त्याला दोन 'ब' आणि दोन काने लागतात. उलट ज्याच्याकडे 'ब' आणि काना यांचेच हजार-हजार खिळे आहेत, तो 'बाबा'च्या पुढे फारसा जाणार नाही.

खेळण्यांच्या संचाचेही तसेच आहे. चारचाकी गाडीला सारखी चार चाके लागतात. वेगवेगळ्या मापांची चार चाके मिळाली तर संग्रह देखणा होईल, पण गाडी डुगडुगेल.

दंतचक्रांमध्ये हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. आपल्याकडे ८, २४ आणि ४० दात्यांचे प्रत्येकी एकच चक्र आहे असे समजू. ८ दात्यांच्या चक्राने ४० दात्यांचे चक्र फिरवले तर वेग पाचपट कमी होतो. मध्ये २४ दात्यांचे चक्र घातले तरी उत्तर तेच राहते. मधले चक्र फक्त फिरण्याची दिशा बदलते. आता ८ दात्यांचे आणखी एकच चक्र आणू आणि ते २४ दात्यांच्या चक्राबरोबर एकाच आसावर बसवू. पहिल्या जोडीत वेग तिप्पट कमी होईल, दुसऱ्या जोडीत पाचपट, म्हणजे एकूण १५ पट. जे चक्र आपल्याकडे आधीच होते, त्याच्याच दुसऱ्या प्रतीने ही नवी शक्यता खुली केली.

तेव्हा खरा प्रश्न असा विचारायला हवा: आपले काम कोणत्या भागावाचून अडते? तो भाग वेगळ्या संचात असेल तर वेगळा संच घ्यावा, त्याच संचात असेल तर तोच पुन्हा घ्यावा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली ज्याचे पेटंट घेतले, त्या मेकॅनो खेळण्याच्या विक्रीत हाच विचार दिसतो. त्यांचे संच क्रमांकाने विकले जात आणि दोन क्रमांकांच्या मधला एक पूरक संचही मिळे. पहिल्या संचात तो मिळवला की दुसरा संच तयार होई. पूरक संचात काही भाग नवे असत, काही पूर्वीचेच, पण आणखी.

वर्गात तुलना हवी

घरी एक मूल खेळत असेल तर एवढा विचार पुरेसा आहे. वर्गासाठी मात्र आणखी एक मुद्दा आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. विज्ञानात तुलना करताना एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या सारख्या ठेवायच्या असतात. एका गटाने लोखंडी पट्ट्यांचा पूल केला आणि दुसऱ्याने प्लॅस्टिकचा, तर जास्त वजन पेलणारा पूल रचनेमुळे टिकला की साहित्यामुळे, हे सांगता येणार नाही. दोन्ही गटांना तेच भाग, तितकेच दिले तरच रचनेची परीक्षा होते.

यासाठी विकतचा संच असलाच पाहिजे असेही नाही. अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेले काड्यांचे मेकॅनो प्रत्येक शाळेला परवडेल. गूल खरवडून काढलेल्या आगपेटीच्या काड्या आणि सांध्यांसाठी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढेच त्याचे साहित्य. एका गटाला १२ काड्या आणि प्रत्येकी तीन काड्या जोडणारे ८ सांधे द्या. त्यांचा घन तयार होईल. दुसऱ्या गटाला १२ काड्या आणि प्रत्येकी चार काड्या जोडणारे ६ सांधे द्या. त्यांची अष्टफलक आकृती तयार होईल. आता दोन्ही आकृती बोटाने हळूच दाबायला सांगा. घन कलतो, अष्टफलक ताठ उभा राहतो. काड्या त्याच, संख्याही तीच. मग फरक कशामुळे पडला? घनाच्या बाजू चौरसांच्या आहेत, अष्टफलकाच्या त्रिकोणांच्या. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी कायम असेल तर त्याचा आकार बदलत नाही, हे मुलांना फळ्यावर न लिहिताही समजेल.

चाळीस मुलांच्या वर्गात एकच संच असला की एक मूल जोडते आणि बाकीची पाहत बसतात. एखादा बोल्ट हरवेल या धास्तीने तो संच पुष्कळदा कुलपातच राहतो. तोच संच दोनदा असेल तर दोन गट काम करतात आणि हरवलेल्या भागाला जोडीदार मिळतो. म्हणून शाळेसाठी आमचा सल्ला असा: आधी एकच संच गटांना पुरेल इतका वाढवावा, आणि मुले 'अमुक भाग नाही म्हणून अडले' असे सांगू लागली की त्या भागासाठी वेगळा संच आणावा. कोणता आणायचा, ते मुलांनाच ठरवू द्यावे.

जाता जाता वर्गाला एक प्रश्न विचारा. ८ दात्यांची तीन आणि २४ दात्यांची तीन चक्रे आहेत. वेग जास्तीत जास्त किती पट कमी करता येईल? उत्तर २७ येते. ते का, हे मात्र मुलांनी चक्रे जोडूनच सांगावे.