एकादशी आणि दुप्पट खाशी

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण उपासाच्या ढोंगाला उद्देशून वापरतो. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू असा फराळ झाल्यावर उपास कशाला म्हणावयाचे, असा तिचा रोख असतो. परंतु या थट्टेत शरीराचा एक नियमही दडलेला आहे. पोटाला सक्तीने उपाशी ठेवले की ते संधी साधून दुप्पट वसूल करते. ज्यांना खाण्यावर ताबा राहत नाही आणि ज्यांचा व्यायाम चार दिवस चालून पाचव्या दिवशी बंद पडतो, त्यांच्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा याच नियमात सापडते. म्हणून या विषयाचा विचार आम्ही येथूनच सुरू करीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर दोन जिलब्या जास्त खाणे, किंवा माघात बालाजीच्या घोडायात्रेला आलेल्या पाहुण्यांबरोबर पोटभरीहून अधिक जेवणे, याला रोग म्हणत नाहीत. आम्ही ज्याविषयी बोलत आहोत तो प्रकार निराळा आहे. त्यात मनुष्य थोड्या वेळात इतरांपेक्षा फारच अधिक खातो, आणि खाताना 'आता थांबावे' असे वाटले तरी त्याला थांबता येत नाही. भूक नसतानाही तो खातो, भराभर खातो, पोट दुखेपर्यंत खातो. लोकांनी पाहू नये म्हणून एकटाच खातो. घरची निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लावून डबे उघडतो. मागाहून त्याला स्वतःचीच किळस येते. याला आपण 'अनावर भक्षण' म्हणू.

१९५९ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी स्थूल रुग्णांच्या खाण्याचे वर्णन करताना या प्रकाराची नोंद केली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. आठवड्यातून किमान एकदा, असे तीन महिने हे झटके येत राहिले, तर तो विकार समजावा, असा त्यांचा निकष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही त्याचा समावेश आहे. तेव्हा ज्याला आपण सहज 'खादाड' म्हणून हिणवतो, तो कदाचित आजारी असतो. तो स्थूलच असेल असेही नाही. सडपातळ मनुष्यालाही हा विकार होतो.

हे घडते कसे? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे त्यांना पाहावयाचे होते. शरीराने व मनाने निकोप असे ३६ तरुण स्वेच्छेने पुढे आले. सहा महिने त्यांचे अन्न जवळजवळ निम्म्यावर आणले गेले व त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्यांच्या मनात रात्रंदिवस अन्नच घोळू लागले. काहीजण तर पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले. पुढे बंधने उठल्यावर त्यांच्यापैकी काहीजण पोट फुटेस्तोवर खात आणि तरीही तृप्ती होत नसे. हे सारे निवडून घेतलेले धडधाकट तरुण होते. उपासमारीने त्यांची ही अवस्था केली, त्यांच्या स्वभावातील दोषाने नव्हे.

शरीराप्रमाणे मनाचाही यात वाटा आहे. १९७५ साली हर्मन व मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला व मग हवे तेवढे आइस्क्रीम खाण्यास सांगितले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालीत नसत त्यांनी साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या एरवी काटेकोर पथ्य पाळीत त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट अधिक खाल्ले! 'आता व्रत मोडलेच आहे, मग आजचा दिवस खाऊन घेऊ, उद्यापासून पुन्हा कडक' हा तो विचार. आपल्यापैकी कितीजणांनी एका आलूबोंड्यापायी अख्खा दिवस असा वाया घालविला असेल!

येथे एक चक्र तयार होते. कडक पथ्याने भूक साठते, साठलेल्या भुकेतून झटका येतो, झटक्यातून लाज उपजते, आणि लाजेपायी आणखी कडक पथ्य सुरू होते. निश्चय वाढविल्याने हे चक्र तुटत नाही, कारण प्रत्येक नवा निश्चय ही पुढच्या झटक्याची तयारीच ठरते. ते तोडावयाचे तर प्रायश्चित्ताची सवय सोडून वेळापत्रक धरावे लागते.

महाराष्ट्रात अलीकडच्या काळात आहाराविषयी मोठा वाद रंगला. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केला. दिवसातून दोनच वेळा, कडक भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि ४५ मिनिटे चालावे, असा तो मार्ग. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खाण्याचा पुरस्कार केला. कोणता पक्ष सर्वांसाठी खरा, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. दोन वेळा जेवून ज्यांना बरे वाटते त्यांनी तसे करावे. परंतु ज्याला अनावर भक्षणाचे झटके येतात त्याच्या बाबतीत लांबलचक अंतर हे आगीजवळ ठेवलेले गवत आहे. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या विकारावर जी उपचारपद्धती घडविली, तिच्यातील एक मुख्य पायरी म्हणजे ठरलेल्या वेळी खाणे. दिवसातून तीन जेवणे, मध्ये दोन लहान खाणी, आणि दोहोंत साधारण चार तासांपेक्षा अधिक अंतर नाही.

आपल्या घरी याचा अर्थ सोपा आहे. सकाळी पोहे किंवा भाकरी, दुपारी वरण-भात, पोळी व भाजी, सायंकाळी मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा एखादे केळे, रात्री पुन्हा साधे जेवण. त्यासाठी वेगळे महागडे अन्न लागत नाही. भूक असो वा नसो, वेळ झाली की जेवावे, आणि वेळ नसेल तर पुढच्या वेळेची वाट पाहावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळा व प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

याच्या जोडीला तीन-चार साध्या गोष्टी कराव्यात. खाल्ल्याबरोबर एका वहीत काय, केव्हा, कोठे आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्ले ते लिहावे. पंधरा दिवसांत दिसू लागते की झटका भांडणानंतर येतो, एकटेपणात येतो, की दुपारचे जेवण चुकले त्या दिवशी येतो. खावयाचे ते ताटलीत घेऊन, बसून खावे. पुड्यातून किंवा डब्यातून उभ्याने खाऊ नये. पाकिटबंद पदार्थ घरात कमी आणावेत. २०१९ साली केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत २० माणसांवर केलेल्या प्रयोगात, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न पुढे असताना लोक दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खातात, असे आढळले. आणि खाण्याची उबळ आली तर थोडा वेळ दुसऱ्या कामात घालवावा: अंगणात जावे, शेजारणीशी बोलावे, भावाला फोन करावा. उबळ लाटेसारखी चढते आणि ओसरते.

इतके करूनही एखादे दिवशी तोल जाईलच. त्या वेळी काय करावे हे आधीच ठरवून ठेवावे. पुढचे जेवण चुकवू नये, दुसऱ्या दिवशी उपास धरू नये. नेहमीच्या वेळी नेहमीचे जेवण घ्यावे. चक्र तुटते ते येथेच.

आता व्यायामाकडे वळू. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील शेकडो मुलेमुली पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याची परीक्षा असते. भरती संपली, निवड झाली नाही, की धावणे थांबते आणि वर्षभरात शरीर सुटते. मोठ्या माणसांचेही तसेच. नव्या वर्षाला हुरूप येतो, संक्रांतीपर्यंत तो टिकतो. यावर 'हुरूप पुन्हा कसा आणावा?' असा प्रश्न विचारला जातो. आमच्या मते प्रश्नच उलटा मांडला जातो. हुरूप आला की व्यायाम करू, असे म्हणणाऱ्याचा व्यायाम क्वचितच होतो; व्यायाम होऊ लागला की हुरूप हळूहळू मागाहून येतो.

त्यासाठी आरंभ लहान असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. पण बंद पडलेल्या माणसाने पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे चालले तरी पुरे. थोडेसे चालणेही काहीच न करण्यापेक्षा चांगले, असे तीच संघटना सांगते. दुसरे, वेळ व जागा नेमकी असावी. 'व्यायाम वाढवीन' या संकल्पापेक्षा 'सकाळचा चहा झाला की चपला घालून निघेन' हा संकल्प अधिक पाळला जातो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. तिसरे, कालचे खाणे 'जाळण्यासाठी' आज धावू नये. व्यायाम शिक्षा झाला की मन त्याच्यापासून पळ काढते, आणि तो पुन्हा त्याच लाजेच्या चक्रात अडकतो.

चौथी गोष्ट सोबतीची. हे चिमूरकरांना वेगळे सांगावयास नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या परिसराच्या जंगलांत साधना केली, आणि पुढे गावोगावी सामुदायिक प्रार्थना सुरू केली. एकट्याने घरी प्रार्थना करता आली नसती काय? परंतु ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि शेजारी बसलेली माणसे यांमुळे आळसाला वाव राहत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून विदर्भात व्यायामाचा जो प्रसार केला, त्याचेही बळ आखाड्यातील सोबतीतच होते. दोन शेजारी, दोन जावा, दोन मित्र एकमेकांना हाक मारून निघाले तरी तेवढा आखाडा पुरतो.

आमच्या मुलखात दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. येथील उन्हाळा देशातील कडक उन्हाळ्यांपैकी एक. तेव्हा चैत्र-वैशाखात ऊन तापण्याआधीच व्यायाम आटोपावा, नाहीतर घरातच सूर्यनमस्कार घालावेत. आणि ताडोबाचे जंगल शेजारी असल्याने, पहाटेच्या अंधारात जंगलाकडच्या वाटेने एकट्याने फिरावयास जाऊ नये. उजाडल्यावर, गावातील रस्त्याने, चारजणांनी मिळून जावे.

शेवटी घरच्या मंडळींना एक विनंती. सुनेच्या ताटावर नजर ठेवणे, मुलाला सर्वांदेखत 'जाड्या' म्हणणे, डबे कुलपात ठेवणे, यांनी खाणे कमी न होता चोरून खाणे वाढते. बरोबर जेवावयास बसावे आणि ताटाविषयी न बोलता दिवसाविषयी बोलावे. झटके दर आठवड्याला येत असतील, खाल्लेले मुद्दाम ओकून टाकले जात असेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे, वाट सापडत नसेल तर सरकारच्या 'टेली-मानस' या सेवेला १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करावा. यावर उपचार आहेत आणि अनेकांना त्यांचा गुण येतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे भगवंत सांगतात. यातील पहिला अर्धा भाग आपण दुसऱ्यांना ऐकवितो. दुसऱ्या अर्ध्याकडे कोणी लक्ष देत नाही. ज्यांचा आज दिवसा तोल गेला असेल त्यांनी त्या दुसऱ्या अर्ध्याचे स्मरण ठेवून आज रात्री वेळेवर जेवावे, आणि उद्या सकाळी दहा मिनिटे चालावे.