परसदारी शेवगा की आमरी?

मृगाचा पाऊस पडला की परसदारी नवे काही लावण्याची लगबग सुरू होते. पूर्वी या दिवसांत शेजाऱ्याकडून शेवग्याची फांदी, केळीचा मुनवा, नाहीतर कढीपत्त्याचे रोप आणले जाई. अलीकडे त्यांच्या जोडीला ऑर्किड, म्हणजेच आमरी, येऊन बसली आहे. परसातील जागा थोडी, पाणी मोरीचे आणि देखभाल बहुधा घरातील गृहिणीच्या वाट्यास आलेली. अशा स्थितीत पैसा व श्रम कोणावर खर्चावेत, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. एक ताटात येणारे झाड आणि दुसरी केवळ डोळ्यांना सुख देणारी वनस्पती, यांची तुलना काहीशी विजोड वाटेल. तथापि जागा एकच असली म्हणजे ती करावीच लागते.

शेवग्याची बाजू मांडण्यास फार शब्द लागत नाहीत. त्याची शेंग, फूल आणि पाला ही तिन्ही भाजीस उपयोगी पडतात. पाल्यात लोह, चुना व अ जीवनसत्त्व भरपूर असल्याने गरोदर स्त्रिया व वाढती मुले यांच्या आहारात तो अवश्य असावा. सिंधुदुर्गाकडे गोकुळाष्टमीस शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची चाल आहे. वर्षातून एक दिवस पाळली जाणारी ही चाल आठवड्यातून एक दिवस पाळली गेली तर अधिक बरे. शेवग्यावर पोट भरणारे आळशी भाऊ आणि एका रात्रीत ते झाड तोडून निघून जाणारा पाहुणा, यांची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. पाहुण्याचा हेतू चांगला असेल. परंतु एका झाडावर एक घर चालत होते, ही त्या गोष्टीतील साक्ष शेवग्याच्याच बाजूची होय.

शेवगा फांदीपासून लावावयाचा असल्यास मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फूट लांबीची पक्व फांदी घेऊन ती एक-दीड फूट खोल पुरावी. बियांपासून लावणीसाठी तामिळनाडूतील पेरियाकुळम येथे निवडलेली पी. के. एम.-१ ही जात सर्वत्र प्रसिद्ध आहे. ती पहिल्याच वर्षी शेंगा देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ ही जातही लावण्याजोगी आहे. रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा आणि शेंगांचा हंगाम आटोपल्यावर दरवर्षी मुख्य खोड जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर छाटावे. ही छाटणी टाळली की झाड वीस-पंचवीस फूट वाढते, शेंगा हाताला लागत नाहीत आणि ठिसूळ फांद्या वळवाच्या वाऱ्यात कौलांवर कोसळतात. म्हणून घरापासून दहा-बारा फूट अंतर सोडूनच लावणी करावी. मोरीचे पाणी चर काढून आळ्यापर्यंत न्यावे, पण बुंध्याशी डबके साचू देऊ नये. पाणी तुंबले की शेवग्याची मुळे कुजतात. पावसाळ्यात केसाळ अळ्या दिवसा खोडावर थव्याने बसतात. त्याच वेळी त्या खराट्याने पाडून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हाताने स्पर्श करू नये, अंगाची आग होते.

आमरीची रीत सर्वस्वी निराळी आहे. आपल्याकडील बहुतेक शोभिवंत आमरी झाडाच्या सालीवर वाढतात. त्यांना माती लागत नाही, किंबहुना मातीत लावल्यास त्या कुजून मरतात. हवेत लोंबणाऱ्या त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. ते कोरडे असताना रुपेरी दिसते व पाणी शोषून घेतले की हिरवट होते. पाणी द्यावे की नाही हे या रंगावरून ओळखावे. रोज उठून तांब्याभर पाणी ओतण्याने जितक्या आमरी दगावतात, तितक्या तहानेने दगावत नसतील.

आणि येथेच एका मोठ्या गैरसमजाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. आंब्यावर वा फणसावर वाढलेली आमरी दिसली की ‘बांडगूळ आले’ असे म्हणून ती कोयत्याने खरवडून टाकण्यात येते. बांडगूळ हे खरोखरीच झाडाचे शत्रू आहे. त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरून अन्नरस शोषतात; जोडाच्या जागी गाठ फुगते आणि त्यापुढील फांदी हळूहळू वाळते. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खाऊन चिकट बिया फांद्यांवर सोडतो व रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. फळे पिकण्यापूर्वीच गाठीच्या मागे वीत-दीड वीत अंतरावर फांदी कापणे हाच त्यावर इलाज. आमरी मात्र झाडाचा केवळ आधार घेते. सालीवर साचलेला पालापाचोळा, पावसाचे पाणी आणि हवेतील ओल एवढ्यावर तिचा निर्वाह होतो. तिच्यामुळे आंब्याचा मोहोर कमी होत नाही.

दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. बांडगुळास लाकडी फांद्या असतात, पाने जाड व चिवट असतात आणि फुले नळीसारखी, तांबूस असतात. आमरीची मुळे दोरीसारखी सालीवर पसरलेली दिसतात. ती उचकटली तर खाली साल अखंड असते. पट्ट्यासारखी पाने दोन ओळींत समोरासमोर आलेली असली तर ती बहुधा आमरीच. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांडगूळ निर्मूलनाची मोहीम काढताना या दोन्हींचे नमुने प्रथम चावडीवर दाखवावेत आणि मगच कोयते बाहेर काढू द्यावेत.

सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ ही आमरी वैशाख-ज्येष्ठात फुलते. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके असलेली तिची फुले वीत-दीड वीत लांबीच्या तुऱ्याने खाली लोंबतात. हीच वनस्पती आसामात ‘कपौ फूल’ या नावाने ओळखली जाते. बिहूच्या सणात तेथील स्त्रिया ती केसांत माळतात व ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. जुन्या आंब्यावर ही वेणी आधीच फुलत असेल, तर त्या घराने बाजारात आमरी शोधण्याचे कारण नाही.

रानातून ओरबाडून आणलेल्या आमरीच्या जुड्या विकत घेणे सर्वथा अनुचित होय. तिच्या एका फळात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, परंतु त्या धुळीच्या कणांएवढ्या असून त्यांत अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते आणि पुढे फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणजे एका सकाळी झाडावरून उतरविलेली जुडी पुन्हा उभी राहण्यास दशक लोटू शकते. शिवाय भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनातून परवानगीवाचून वनोपज काढणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत ल्यूइस नुडसन यांनी १९२२ साली साखर व क्षार यांच्या माध्यमावर बुरशीवाचून हे बी रुजवून दाखविले आणि रोपवाटिकांचा मार्ग मोकळा झाला. आज डेंड्रोबियमची प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे सहज मिळतात. विकत घ्यावयाची तर तीच घ्यावीत.

डेंड्रोबियमसाठी बाजूंना भोके असलेली मातीची कुंडी घेऊन तीत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे भरावीत. सोडणे आधी काही दिवस भिजवून पाणी बदलत राहावे. निम्मे ऊन अडेल अशी सावली द्यावी व पाणी सकाळीच शिंपावे. कोकण, गोवा व घाटमाथा येथील दमट हवेत हे साधते. मराठवाडा व विदर्भ येथील उन्हाळ्यात मात्र आमरी जगविणे म्हणजे खर्चाला निमंत्रण. तेथे त्या पैशात शेवग्याबरोबर लिंबू आणि पपईही लागेल. कोरड्या मुलखातील घराने आमरीच्या नादी न लागणे हेच शहाणपणाचे.

उत्पन्न देणारी आमरी म्हणून व्हॅनिलाचे नाव घेतले जाते. तिचे प्रत्येक फूल हाताने फळवावे लागते. ही युक्ती रियुनियन बेटावरील एदमों आल्बियुस या गुलाम मुलाने १८४१ साली शोधून काढली. परंतु २००३ च्या सुमारास भाव आकाशाला भिडले आणि लवकरच कोसळले, तेव्हा कर्नाटक व केरळातील अनेक बागाईतदार अडचणीत आले. परसात हौसेने एक वेल चढविण्यास हरकत नाही. कर्ज काढून मात्र लावू नये.

दमट भागात दोन्ही लावण्याची इच्छा असेल तर प्रथम शेवगा लावावा. आमरी शेवग्यावर बांधण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दरवर्षीच्या छाटणीत तिचा आधारच नाहीसा होतो. तिला आंबा किंवा फणस यांची खरबरीत साल मानवते. पावसाळ्याच्या आरंभी, पूर्वेकडील कोवळे ऊन मिळेल अशा बाजूस, डोळ्यांच्या उंचीवर रोप टेकवून काथ्याने बांधावे. तारेचा उपयोग करू नये. नवी मुळे सालीस घट्ट धरेपर्यंत, उघडीप पडल्यास, दिवसाआड पाणी शिंपडावे. पुढे काथ्या आपोआप कुजून गळून पडतो.