बरणी कोठे आहे, हे डोळ्यांना कोण सांगते?

“जरा मिठाची बरणी दे पाहू,” असे आईने म्हणताच तुमची नजर फडताळाच्या नेमक्या कोपऱ्याकडे वळते. मावशीकडे मात्र तशीच बरणी समोर असूनही चटकन दिसत नाही. डोळे तेच, मग असे का व्हावे?

समोरचे सारे दृश्य आपल्याला एकदम स्पष्ट दिसते, असे वाटते खरे. प्रत्यक्षात हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढाच भाग बारकाईने दिसतो. म्हणून आपली नजर सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलते. पुढची उडी कोठे घ्यायची, हे ठरवण्यात वस्तूच्या रंगाइतकीच आजूबाजूची ओळखीची मांडणीही मदत करते.

१९९८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मार्व्हिन चुन व युहाँग जियांग यांनी हे एका साध्या प्रयोगाने दाखवले. पडद्यावर इंग्रजी ‘एल’ अक्षरे वेडीवाकडी विखुरलेली आणि त्यांत एकच आडवा ‘टी’. तो शोधून डावीकडे कललेला की उजवीकडे, एवढेच सांगायचे. काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत, बाकीच्या दरवेळी नव्या. हे कोणालाही सांगितले नव्हते! थोड्याच फेऱ्यांनंतर जुन्या मांडणीतला ‘टी’ लवकर सापडू लागला. बचत सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण नक्की. खरी गंमत पुढेच आहे. यांतली कोणती चित्रे पूर्वी पाहिली, असे विचारल्यावर लोकांची उत्तरे निव्वळ अंदाजासारखी आली. ओळख पटत नव्हती, तरी नजर ती वापरत होती.

मग मांडणी तीच ठेवून ‘टी’ हलवला तर? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तसेच केले. मिळालेला फायदा नाहीसा झाला आणि नजर सुरुवातीला जुन्या जागेकडेच ओढली गेली. ही ओढ मात्र लवकरच ओसरली.

घरी करून पाहण्याजोगे काही हवे ना? आजोबांना त्यांच्या रोजच्या वर्तमानपत्रात शब्दकोडे शोधायला सांगा व सेकंदकाट्यावर वेळ मोजा. नंतर कधीही न वाचलेले वर्तमानपत्र द्या. येथे जाणीवपूर्वक आठवणीचाही वाटा असणार, त्यामुळे फरक चांगलाच मोठा दिसेल. दुसरे वर्तमानपत्र मात्र लगेच पुढे करा. एकदा पेन्सिल हातात आली, की आजोबा तुमचे ऐकायचे नाहीत.