हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ

आपल्या बीदर-कलबुर्गी भागात एकाच घरात आजी मराठीत 'लस' म्हणते आणि सूनबाई कन्नडमध्ये 'लसिके'. मूळ एकच. बाळाला टोचून आणताना आज बहुतेक घरी कुणी कचरत नाही. हा विश्वास मात्र आयता मिळालेला नाही. त्यासाठी झटलेल्या वाल्डेमार हाफकिन यांचे नाव वर्गात घेतले, की माझे विद्यार्थी "मुंबईची हाफकिन इन्स्टिट्यूट" एवढेच सांगतात. संस्थेमागचा माणूस कुणाला ठाऊक नसतो.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे, ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. आधी ग्रंथालयातले काम आणि फावल्या वेळात जंतूंचा अभ्यास. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस तयार होताच त्यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालायच्या, एवढाच उपाय लोकांच्या हाती होता. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या.

हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू भरघोस वाढतात, हे त्यांनी हेरले. ते जंतू उष्णता देऊन मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. शरीर त्यांना ओळखून घेते आणि खऱ्या रोगाशी लढायला सज्ज होते. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, पण दगावले कुणी नाही.

पुण्यात रँडच्या कारभारात सक्तीच्या घरझडत्या चालू होत्या आणि लोक संतापले होते. हाफकिन यांचा आग्रह वेगळा होता : लस राजीखुशीने घ्यावी. आगाखानांनी लोकांसमोर ती टोचून घेतली. १८९८ मध्ये आपल्याच कर्नाटकातल्या हुबळीत प्लेग पसरला, तेव्हा हजारो लोकांनी ती घेतली. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती, तर आपले बीदर-गुलबर्गा निजामाच्या राज्यात.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. सारे सुरळीत चालले असताना १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी घात झाला. तिथे लस दिलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सारे एकाच बाटलीतली लस घेतलेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला, हे पुढे उजेडात आले. तोवर ठपका हाफकिन यांच्यावर बसला होता आणि परळचे पद गेले होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत. ज्या धनुर्वाताने हाफकिन यांचे नाव काळवंडले, त्यालाही लसीने आवरले : बाळंतिणी आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात आटोक्यात आल्यावर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले.

लस नुसती चांगली असून भागत नाही. ती देणारा हात स्वच्छ हवा, आणि घेणाऱ्याच्या मनात शंका असेल तर ती दूर करणारे कुणी तरी समोर हवे. तेव्हा तायी कार्डावरची तारीख चुकवू नका. सुई नवी आहे ना, हे विचारायलाही लाजू नका. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, उत्तर मिळणे हा आपला हक्क आहे.