‘सार्वजनिक’ वाचनालय म्हणजे नेमके कोणाचे?



आयोजकांनी विषय दिला ‘ग्रंथालयांचे भवितव्य’. आता भवितव्य सांगणारी मंडळी रामकुंडाच्या आसपास पुष्कळ बसतात, ते काम त्यांच्याकडेच राहू द्या. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि आमच्या विषयाची खोड अशी की आधी शब्द पकडायचा, तो उलटसुलट करून बघायचा आणि मगच पुढे जायचे. तर ‘सार्वजनिक वाचनालय’ यातला दुसरा शब्द सगळ्यांना कळतो. पहिल्याचे काय?

नाशिककराला तो पुरता उच्चारावाही लागत नाही. आपण सरळ ‘सावाना’ म्हणतो. संस्था 1840 सालची. म्हणजे बघा, मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली 1853 मध्ये, मुंबई विद्यापीठ निघाले 1857 मध्ये. त्याच्याही आधी या गावात वाचनालय होते. रत्नागिरीचे 1828 चे, अहमदनगरचे 1838 चे, पुण्याचे 1848 चे. पुण्याच्या वाचनालयाचे तेव्हाचे नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. नेटिव्ह म्हणजे आपण. पण ‘आपण’ म्हणजे तरी किती जण? ज्यांना वाचता येत होते आणि वर्गणी परवडत होती असे थोडेच, आणि तेही बहुतेक एकदोन जातींतले. नावात ‘जनरल’ घातल्याने कपाट सगळ्यांचे होत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत मराठीत ‘सार्वजनिक’ हा शब्द जोरात चालू लागला. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. तिथे अर्थ होता लोकांच्या वतीने सरकारशी बोलणारी. 1891 मध्ये जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. तिथे अर्थ एकदम रुंदावतो. जन्मावरून कोणालाही वगळायचे नाही, बाईलाही नाही. मग सार्वजनिक गणेशोत्सव आला. तिथे अर्थ, घरातले चौकात आणलेले. एकच शब्द, पण त्याचे अर्थ तीन. आमचा प्रश्न असा की आपली वाचनालये यातल्या कोणत्या अर्थाने सार्वजनिक आहेत?

हा कोरडा शब्दच्छल नाही, निदान नाशिकमध्ये तरी नाही. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले, असा. ठराव कागदावर राहिला म्हणून 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. आणि 2 मार्च 1930 रोजी आपल्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पाटी सगळ्यांची लावायची आणि कडी आतून घालायची, हे आपल्याला फार चांगले जमते.

वाचनालयाची कडी निराळी असते. तिचे नाव अनामत.

थोडे घरचे सांगतो. आम्ही जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढलो. वडील बाजारात मापाडी. गावात वाचनालय होते, वर्गणी महिन्याला आठ आणे आणि अनामत पाच रुपये. आठ आण्यांचे जमले असते, पाच रुपये एकरकमी जमेनात. तिथल्या ग्रंथपालांनी काय केले, स्वतःच्या नावावर पुस्तक काढून आम्हाला द्यायला सुरुवात केली. अट एकच, पान दुमडायचे नाही. वर्षभर चालले. मग कार्यकारिणीतल्या कोणाच्या तरी ते लक्षात आले, हरकत निघाली, आणि बिचाऱ्यांना समज मिळाली. आमचे पुस्तक बंद. त्यानंतर दोन वर्षे आम्ही वर्तमानपत्रांच्या उतरत्या फळीपाशी उभे राहून वाचले, कारण तेवढे फुकट होते. संपादकीयापासून बाजारभावापर्यंत सगळे. कांद्याचे भाव वडिलांच्या आधी आम्हाला माहीत असत!

नियमाने बघितले तर हरकत घेणारे गृहस्थ चुकले नव्हते. वाचनालय वर्गणीदारांचे होते, आणि आम्ही वर्गणीदार नव्हतो. घोळ व्यक्तीत नव्हता, रचनेत होता. आणि मित्रहो, ती रचना आजही फारशी बदललेली नाही.

ती समजून घेऊ. इंग्लंडात 1850 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावाने स्थानिक करात पौंडामागे अर्धा पेनी ग्रंथालयासाठी घ्यावा आणि प्रवेश मोफत ठेवावा, असे त्याचे सूत्र. आपल्या देशात मद्रासने 1948 मध्ये कायदा केला. तिथेही मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर. कर्नाटकातही उपकर आहे. महाराष्ट्राने 1967 मध्ये कायदा केला, पण उपकर घेतला नाही. आपण निराळी वाट धरली. लोकांनी संस्था काढायची, नोंदवायची, शासनाने तिला मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवायचा आणि त्याप्रमाणे अनुदान द्यायचे.

या वाटेचे गुण आम्हाला नाकारायचे नाहीत. ग्रंथालय लोकांच्या हाती राहिले, साहेबाच्या नाही. सावानाच्या निवडणुका आपल्याकडे काय गाजतात, तुम्ही जाणता. ग्रंथालयासाठी इतकी भांडणारी माणसे ज्या गावात आहेत ते गाव मेलेले नाही, असे आम्ही म्हणतो. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालये 12 हजारांच्या घरात गेली ती याच वाटेने. पण ग्रामपंचायती 28 हजारांच्या आसपास आहेत. ज्या गावात संस्था काढणारा, कागद रंगवणारा, पदरचे घालणारा कोणी नव्हता, तिथे वाचनालय झालेच नाही. म्हणजे जिथे गरज जास्त, नेमके तिथेच नाही. त्यात 2012 च्या पडताळणीनंतर बरीच वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच थांबले. आणि ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला जे पडते ते इथे सांगायलाही संकोच वाटतो. शेतमजुराचा आठवड्याचा रोज त्याहून जास्त भरतो. तरी तो संध्याकाळी येऊन कुलूप उघडतो.

दुसरी वाट आपल्या माणसाला माहीत नव्हती असे नाही. आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा पुढे बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. त्याने 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत शिक्षण आणले आणि लगेच ओळखले की शाळा सोडल्यावर पोराच्या हातात पुस्तक नसेल तर शिकलेले पुसले जाते. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय मोफत उघडले, गावोगाव वाचनालयांना हात दिला. जिथे तेही शक्य नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली. पेटीच्या वाहतुकीचा खर्चही संस्थानाचा. वाचकाकडे अनामत नाही.

पेटीवरून आठवले. 2009 पासून कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवले आहे. विनायक रानडे यांची ती खटपट. शंभर पुस्तकांची पेटी एका सोसायटीत, कचेरीत, तुरुंगात जाते, काही महिन्यांनी ती बदलून दुसरी येते. वाचकाला पैसे नाहीत; लोक वाढदिवसाला देणगी देतात, त्यातून नवी पेटी भरते. आता दुबई, टोकियो, नेदरलँड्सपर्यंत या पेट्या पोचल्या. शंभर वर्षांपूर्वी एका राजाने जे केले, ते आज देणगीदार करतात. आम्हाला याचा आनंद आहे आणि थोडी बोचणीही. मधली जागा, म्हणजे आपली महापालिका आणि आपले राज्य, रिकामीच आहे.

‘सर, आता सगळे मोबाईलवर मिळते’, हे वाक्य आम्ही दर व्याख्यानानंतर ऐकतो. मिळते की! आम्हीही वापरतो. पण मोबाईलला तुम्ही जे विचारता ते तो देतो. तेराव्या वर्षी आम्हाला काय विचारायचे हेच माहीत नव्हते. आगरकर कोण, हे त्या फळीशेजारच्या कपाटाच्या काचेतून नाव वाचून कळले. आणि दुसरे असे की खोली लागते. कोणत्याही शहरातल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेची मुले-मुली डबा घेऊन बसलेली दिसतील. पुस्तके त्यांच्याकडे आहेत, मोबाईल आहे. घरात खुर्ची नाही आणि शांतता नाही. त्यातल्या मुलींना तर अभ्यासाला जाते म्हणून घराबाहेर पडता येते, हेही काही कमी नाही. यात भर म्हणून एक तक्रार करतो: अभ्यासिका वाढताहेत आणि त्याच इमारतीत कथा-कादंबरीची कपाटे गच्चीवर चाललीत. परीक्षेपलीकडचे पुस्तक त्या मुलांच्या वाटेत तरी ठेवा, घेतील कधीतरी.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथे पायरीवर कोण बसले आहे, हे कोणी विचारत नाही. भाजीवाला टोपली बाजूला ठेवून तास-तास ऐकतो. ऐकण्याच्या बाबतीत आपण हे साधले. वाचण्याच्या बाबतीत का साधू नये?

आमचे मागणे लहान आहे. घरी गेल्यावर घरपट्टीची पावती काढा. त्यावर शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे. झाडांसाठी आपण निमूट देतो, द्यायलाच हवे. त्याच्याखाली ग्रंथालयासाठी एक ओळ वाढवता येईल का, आणि त्या बदल्यात प्रत्येक प्रभागात अनामतीशिवाय पुस्तक आणि पूर्ण पगाराचा ग्रंथपाल मिळेल का, हे आपापल्या नगरसेवकाला विचारा. वर्गणी भरणारे सभासद आहेत त्यांनी आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत एवढा तरी ठराव मांडा, की चौदा वर्षांखालच्या मुलांना अनामत माफ. त्याला सरकारचा कागद लागत नाही, हात वर करायला लागतात.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, कर वाढला तर लोक चिडतील म्हणून. त्यावरच बोलू, माईक तिकडे द्या.