काळ्या खडकाखालची जुनी शिवण

खडकांचे तीन प्रकार शिकवताना धुळ्याच्या शिक्षकाला पहिल्या दोन प्रकारांची अडचण पडत नाही. अग्निजन्य खडकासाठी लळिंगच्या डोंगराकडे बोट दाखवले की पुरते; तो सगळा बेसाल्टचा. गाळाचे थर कसे साचतात, हे पांझरेच्या काठावर दाखवता येते. तिसऱ्या प्रकाराला मात्र आपण देवळातल्या संगमरवरी फरशीचा आधार घेतो आणि ‘रूपांतरित खडक आपल्याकडे नाहीत’ असे सांगून पुढे जातो.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पृथ्वीच्या मानाने कालचा. त्याच्याखाली काय आहे? किल्लारीला भोक पाडले तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. कोयनेजवळ तो सुमारे ९३० मीटरवर संपला. दोन्ही ठिकाणी खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नीस लागले. नीस हा रूपांतरित खडक. खानदेशात बेसाल्टखाली कुठे गाळाचे थर असले, तरी त्यांच्याही तळाशी असाच जुना खडक असणार.

हा खडक उघड्यावर पाहायचा तर धुळ्याहून पूर्वेला सुमारे साडेचारशे किलोमीटर जावे लागेल. नागपूर जिल्ह्यात रामटेक, मनसर, देवलापार या भागात संगमरवर, क्वार्ट्‌झाइट आणि अभ्रकाने चमचमणारा शिस्ट आढळतो. संगमरवर हा मूळचा चुनखडक आणि क्वार्ट्‌झाइट ही मूळची वाळू. म्हणजे येथे एके काळी उथळ समुद्र होता. मनसरच्या खाणीतले मँगनीजही मूळचे त्या समुद्रातल्या गाळातलेच. मग हा गाळ जमिनीत खोल जाऊन भाजला आणि दाबला गेला कसा?

याचे उत्तर खडकातली खनिजे देतात. कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन खनिजे पाहा. दोन्हींचे साठे भंडारा जिल्ह्यात आहेत. दोन्हींत ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण अगदी सारखे आहे. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. ज्वारीचे माप भरून हलवले, दाबले की दाणे घट्ट बसतात. तसेच मोठ्या दाबाखाली अणू घट्ट बसून कायनाइट तयार होते. उष्णता फार वाढली की त्याच अणूंची सैल मांडणी होते, ते सिलिमनाइट. अर्थात एकट्या खनिजावरून निष्कर्ष काढत नाहीत. शेजारच्या गार्नेटचे आणि अभ्रकाचे रासायनिक प्रमाण मोजून तो खडक किती तापला आणि किती खोल गेला, याचा हिशेब मांडतात. साधारण ३० किलोमीटर खोलीवर दाब आपल्या हवेच्या दाबाच्या आठ हजार पटींच्या आसपास असतो.

आता भूपट्टांकडे वळू. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, तेव्हा थंड खडक भराभर खोल जातो. कढत आमटीत शिळ्या भाकरीचा जाड तुकडा बुडवला, तर त्याचा मधला भाग लगेच गरम होत नाही. तसेच येथे दाब खूप वाढतो, पण तापमान त्या मानाने कमीच राहते. वरच्या भूपट्टात मात्र खालून शिलारस येतो आणि कमी खोलीवरच खडक भाजून निघतो. म्हणून ‘थंड’ आणि ‘तप्त’ अशा रूपांतरित खडकांचे दोन पट्टे शेजारी शेजारी तयार होतात. जपानमधली अशी जोडी मियाशिरो या भूवैज्ञानिकाने १९६१ मध्ये दाखवून दिली.

हीच जोडी प्राचीन खडकांत शोधली, तर भूपट्ट केव्हापासून सरकू लागले हे कळावे. मायकेल ब्राउन यांनी २००६ मध्ये जगभरच्या नोंदी तपासल्या. सुमारे २८० ते २५० कोटी वर्षांपूर्वीपासून असे दोन वेगळे प्रकार दिसू लागतात, असे त्यांना आढळले. त्याआधी पृथ्वी अधिक तप्त होती, त्यामुळे तेव्हाच्या खुणांचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. भूपट्टांची सुरुवात कोणी ३०० कोटी वर्षांहून जुनी मानतात, तर कोणी १०० कोटींच्या अलीकडची.

मध्य भारताच्या पट्ट्यातले खडक साधारण १६० ते ९५ कोटी वर्षांच्या दरम्यान, एकाहून अधिक वेळा रूपांतरित झाले. बुंदेलखंडाकडचा उत्तरेचा भूखंड आणि बस्तरकडचा दक्षिणेचा भूखंड एकमेकांवर आदळून जुळले, मधला समुद्र मिटला आणि त्याचा गाळ चिरडला गेला, असा त्याचा अर्थ लावतात. ही जोडणी नेमकी केव्हा पुरी झाली, यावर अजून वाद आहे.

दोन कापडे शिवली की शिवण राहते. ही शिवण नर्मदा आणि तापी यांच्या पट्ट्याने पश्चिमेकडे येते आणि बेसाल्टखाली दडते. दडली तरी ती मुकी नाही. धुळे-नंदुरबार भागात बेसाल्टमध्ये उभ्या घुसलेल्या दगडी भिंती, म्हणजे डाइक, दोनशेहून अधिक आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. या दिशेमागे जुन्या कमकुवत पट्ट्याचा हात असावा असे मानले जाते. दुसरी खूण अधिक गंभीर आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेल्या भूकंपात ३५हून अधिक माणसे दगावली. त्याचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. तेथवर बेसाल्ट पोहोचतच नाही. हलला तो जुना खडक.

म्हणून पुढच्या वेळी हा धडा घेताना फळ्याशेजारी भारताचा नकाशा लावू. नर्मदा आणि तापी यांच्या रेषांवर मुलांना बोट फिरवू देऊ, जबलपूर आणि सातपुडा यांवर खुणा करू. नागपूरकडे कोणी जाणार असेल तर शिस्टचा एक तुकडा मागवू. तो हातात देऊन मुलांना सांगता येईल, ‘याचे भाऊबंद आपल्या शाळेखालीही असले पाहिजेत, आणि घर बांधताना त्यांची आठवण ठेवायला हवी.’