ओठांभोवतीच्या सुरकुत्या : कारणे, उपाय आणि विवेक

काशीक्षेत्री दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले, की शीतला घाट व अहिल्याबाई घाट ओलांडल्यावर मुन्शी घाट लागतो. श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी त्याचा काही भाग विकत घेतला आणि तो भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. येथे गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाट पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे सूर्य वर आला, की त्याचे किरण समोरून चेहऱ्यावर पडतात आणि पाण्यावरून परावर्तित होऊनही येतात. ज्यांचा दिवस नावेत किंवा उघड्या पायऱ्यांवर जातो, त्यांच्या चेहऱ्यावर वयाच्या आधीच रेषा उमटतात. बांबूच्या मोठ्या छत्रीखाली बसणाऱ्या घाटियांना त्या मानाने थोडे संरक्षण मिळते.

याची परीक्षा घरबसल्याही करता येते. कपड्याखाली झाकलेल्या दंडाच्या आतील बाजूची कातडी आणि चेहऱ्याची कातडी यांचे वय एकच असते. परंतु एक मऊ व नितळ राहते, दुसरी रापते आणि सुरकुतते. हा भेद मुख्यतः उन्हाने केलेला असतो. उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजेन नावाचे तंतू तोडतात. त्वचेला ताठपणा देणारे हे तंतू विरळ झाले, की हसताना वा बोलताना पडलेली घडी पूर्वीसारखी पुसली जात नाही.

ओठांभोवतीच्या रेषांना आणखीही कारणे आहेत. मुखाभोवती एक वर्तुळाकार स्नायू असतो. थैलीची नाडी ओढावी तसा तो आकसतो आणि त्याच्या आकसण्याने वरच्या ओठावर उभ्या रेषा पडतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ही क्रिया दिवसातून अनेक वेळा घडते. शिवाय धुराने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो. स्त्रियांच्या ओठांलगतच्या त्वचेत तैलग्रंथी व घर्मग्रंथी पुरुषांपेक्षा कमी असतात. ऋतुनिवृत्तीनंतर कोलॅजेनही झपाट्याने कमी होते. म्हणून एकाच घरातील समवयस्क भाऊ-बहिणींपैकी बहिणीच्या ओठांवर रेषा आधी दिसणे, हे आश्चर्य नव्हे.

तिसरे कारण तोंडाच्या आत असते. दात पडले, की ओठांचा आधार जातो आणि तोंड आत ओढले जाते. अशा वेळी बाहेरून कितीही लेप लावले, तरी गुण येत नाही. नीट बसणारी कवळी मात्र चेहऱ्याचा खालचा भाग पुष्कळ सावरते. म्हणून वयस्क व्यक्तीने त्वचारोगतज्ज्ञाच्या आधी दंतवैद्याकडे जाणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

येथे एक गंभीर सूचना देणे अवश्य आहे. बनारसी पानातील तंबाखू-सुपारी असो, की आपल्याकडील स्त्रियांच्या दातांना लावायच्या मशेरीची सवय असो, दोहोंचा परिणाम तोंडाच्या अस्तरावर होतो. सुपारीने अस्तर पांढुरके व कडक होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडणेच कठीण होते. हे कर्करोगाचे पूर्वचिन्ह ठरू शकते. ओठांजवळ ताण, आतून पांढरे वा लाल चट्टे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले, तर सौंदर्याचा विचार बाजूस ठेवून प्रथम तोंडाची तपासणी करून घ्यावी.

मुखाची दुरुस्ती ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेतील उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरींनी केला, असे त्या ग्रंथातच सांगितले आहे. तुटलेल्या नाकाच्या संधानाची रीत सांगून तो ग्रंथ म्हणतो, की ओठाचे संधानही तसेच करावे. फक्त श्वासासाठी घालावयाच्या नळ्या तेथे नकोत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कावसजी नावाच्या, इंग्रजी सैन्याच्या सेवेतील एका गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले. पुण्यानजीक एका देशी शस्त्रवैद्याने कपाळाच्या त्वचेतून त्याला नवे नाक दिले. त्याचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आला आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये इंग्लंडात ही क्रिया केली. त्या काळच्या रुग्णाला समाजात पुन्हा वावरण्यासाठी नाक हवे होते. सुरकुत्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी कोणाचे जगणे अडत नाही. म्हणून त्यांवरील उपायांचा धोका अधिक काटेकोरपणे तोलला पाहिजे.

आता प्रत्यक्ष उपाय पाहू. सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय म्हणजे उन्हापासून बचाव. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ऊन-रोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत वार्धक्याची वाढ आढळली नाही. ते मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा त्यांची त्वचा २४ टक्क्यांनी कमी वयस्क झाली. सावळ्या वर्णाला निसर्गतः काही संरक्षण असते. तरी पदर, छत्री आणि मलम यांची जोड सर्वांनाच उपयुक्त.

दुसरा उपाय ट्रेटिनॉइन या अ-जीवनसत्त्वाच्या जातीच्या औषधाचा. ते रात्री, मुगाच्या डाळीएवढे, वैद्याच्या सल्ल्यानेच लावावे. आरंभी त्वचा लाल होते व सालपटे निघतात. ओठांच्या कोपऱ्यांत ते जाऊ देऊ नये. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि तोही मर्यादितच असतो. गर्भवतीने ते वापरू नये.

तिसरा उपाय बोटुलिनम विषाच्या अत्यल्प मात्रेची टोचणी. हे द्रव्य प्रथम तिरळेपणावर वापरले गेले. पुढे कॅनडातील कॅरदर्स दांपत्याने कपाळाच्या आठ्यांवरील त्याचा परिणाम १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने स्नायू काही काळ शिथिल होतो. परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. ओठांजवळ मात्रा थोडी जास्त झाली, तर शीळ घालता येत नाही, पाणी ओघळते आणि प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण अडखळतात. गाणारे, शिकविणारे आणि मंत्रपठण करणारे यांनी हे ध्यानात ठेवावे.

चौथा उपाय म्हणजे खोल रेषांत हायल्युरोनिक आम्लाचे द्रव्य भरणे. ते बहुधा सहा ते बारा महिने टिकते आणि गरज पडल्यास दुसऱ्या औषधाने विरघळविता येते. मात्र सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर तेथील त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर त्वचा एकाएकी पांढरी पडली, फार दुखू लागले अथवा दिसेनासे झाले, तर त्याच क्षणी वैद्याला सांगावे.

पाचवा वर्ग त्वचेचा वरचा थर काढणाऱ्या उपायांचा : लेसर, रासायनिक सोलणी, घर्षण. बारीक उभ्या रेषांवर हे परिणामकारक आहेत. परंतु आपल्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग उठण्याचा संभव गोऱ्या त्वचेपेक्षा बराच जास्त असतो. फेनॉलच्या खोल सोलणीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सावळ्या त्वचेसाठी ती सहसा योग्य नाही. परदेशी जाहिरातीतील चेहरा पाहून आपल्या चेहऱ्याचे भाकीत करू नये.

बाजारात चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या, झटपट उजळपणा देणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते आणि ओठांभोवती पुरळ येते. ती सवय एकदम मोडली, तर पुरळ आणखी वाढते. म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखाली सोडावी.

उपचार घेण्याचे ठरले, तर काही प्रश्न नि:संकोच विचारावे. टोचणारी व्यक्ती त्वचारोगाची वा सुघटन शल्यक्रियेची नोंदणीकृत पदवीधर आहे काय? औषधाची कुपी आपल्यासमोर उघडली जाईल काय? गुंतागुंत झाली, तर उतारा तेथे ठेवलेला आहे काय? वर्षभरात एकूण किती खर्च येईल? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण टोचण्यांचा गुण कायमचा नसतो आणि एकदा घातलेला पैसा पुन्हा पुन्हा घालावा लागतो. विवाहसमारंभासाठी उपचार करावयाचा असेल, तर आठवड्याभरावर आला असता धावपळ करू नये. सूज व डाग ओसरण्यास अवधी लागतो. खाजगी दवाखान्याखेरीज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांतही सल्ला मिळतो. काशीत हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात ती सोय आहे.

घरातील इतरांनीही थोडे तारतम्य बाळगावे. कोणा स्त्रीने सुरकुत्यांवर उपचार घेतला, म्हणून तिची थट्टा करणे जितके अनुचित, तितकेच ‘आता चेहरा ओढल्यासारखा दिसतो’ असे म्हणून तिला उपचाराकडे ढकलणेही. आरसा आणि खर्च दोन्ही तिचे आहेत. निर्णयही तिचाच असू द्यावा. तो तिने पूर्ण माहिती घेऊन, घाई न करता करावा आणि त्यापूर्वी छत्री, मलम, तंबाखूचा त्याग व दातांची निगा या चार साध्या गोष्टींना एक वर्ष देऊन पाहावे. या चार गोष्टींनी जुन्या रेषा सर्वस्वी जाणार नाहीत. परंतु नव्या रेषांची गती मंदावेल आणि त्यांतील निदान दोन गोष्टींनी आयुष्यही वाढेल.